शिंपडलेलं कोर्ट

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात आंब्याची डहाळी. मी नुकतंच बसवून संपवलेल्या कोर्टावर त्या गोमूत्र शिंपडत चालल्या होत्या. चपला काढून, साडीचा काठ सावरत. मी कडेला गुडघ्यांवर, हातात रबरी हातोडा. एक थेंब माझ्या मनगटावर पडला. त्यांनी बघितलं. थांबल्या नाहीत.

पहिल्यांदा वाटलं, पूजेचं काही असेल. मग नजर ठेवली. स्टेजवर शिंपडलं नाही. खुर्च्यांवर नाही. बक्षिसांच्या टेबलावर नाही. आम्ही दोघींनी जिथं हात लावला होता तेवढ्याच चौकोनावर.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि मंजुळा. बेंगळुरूत कुठं सोसायटीचे खेळ असले, शाळेचं गॅदरिंग असलं, की आमचा मालक तात्पुरती फरशी भाड्यानं देतो. प्लास्टिकचे चौकोन असतात, एकमेकांत अडकवायचे, ठोकून बसवायचे. कडेला बोटभर जागा सोडायची, नाहीतर उन्हानं फुगून फरशी वर येते. अकरा वर्षं मी हेच करते. त्या दिवशी जे. पी. नगरात मराठी कुटुंबांचा क्रीडामेळावा होता. पटांगणात बॅडमिंटनचं कोर्ट हवं होतं.

सकाळी बाई गोड होत्या. मी ओळी मोजत होते ते त्यांनी ऐकलं. "अय्या, तुम्ही मराठीत मोजता! मला वाटलं इकडच्याच." लगेच चहा आला. मला गोड बोलण्याचा संशय येतो. कप हातात दिला की मागून प्रश्न येतो.

"गाव कुठलं?"

"सोलापूरकडचं."

"आणि आडनाव?"

चामराजपेटेत आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा आईनं शिकवलं होतं. "आडनाव विचारलं की गाव सांग. परत विचारलं की काम आहे म्हण आणि ऊठ." शाळेत, दवाखान्यात, खोली बघायला गेल्यावर, मी तेच करत आले. त्या दिवशी का कोण जाणे, गुडघे भरून आले होते, कंटाळा आला होता लपायचा. सांगून टाकलं. आमच्या भागातल्या माणसाला ते आडनाव ऐकलं की पुढचं विचारावं लागत नाही. आमचं घर महारवाड्यातलं. आता आम्ही बौद्ध.

"हो का," बाई म्हणाल्या. "सरी, सरी, ठीक आहे. करा काम." हसू तसंच. नजर मात्र माझ्या हातांवर, हातांखालच्या फरशीवर. मग वळून कुणाला तरी फोन. मला एवढंच ऐकू आलं, "नारळ फोडायच्या आधी स्वल्प शुद्ध करून घेऊ."

तरी मी स्वतःवरच संशय घेतला. उगाच तर वाटत नाही ना मला? ही सवय लागलेली असते आम्हाला. अपमान झाला तरी आधी स्वतःची झडती. म्हणून गेटवरच्या वॉचमनला कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, दरवर्षी असं शिंपडतात का?"

"इल्ला अक्का," तो म्हणाला. नाही. "नारळ फोडतात, बस." मग तो खाली बघायला लागला. त्यालाही कळलं होतं.

मी परत आले. मुलं बूट घालून रांगेत उभी. कोर्टावर थेंब. ओल्या प्लास्टिकवर पाय सटकतोच. बाईंनी हाक मारली. सकाळचं 'तुम्ही' गेलं होतं.

"ए, फडकं घे आणि पटकन पुसून काढ. मुलं घसरतील."

"मी पुसणार नाही."

"म्हणजे?"

"माझं आडनाव ऐकून तुम्ही शिंपडलंत. तुम्ही पुसा."

मराठीत बोलले. मोठ्यानं. तिथं सगळ्यांना मराठी येत होतं. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कुणी मुलांना जवळ ओढलं.

"अहो, तसं काही नाही. आमची पद्धत आहे ती."

"मग स्टेजवर का नाही?"

बाईंनी स्टेजकडं बघितलं.

"फरशी कोरडी झाल्याशिवाय मी ताबा देणार नाही. ताब्याच्या कागदावर माझी सही नसेल तर खेळ सुरू होत नाही. नियम आहे."

मंजुळाला मराठी येत नाही. पण ती आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. फडकं तिच्याकडं होतं. तिनं ते बाईंच्या पुढं धरलं.

बाईंनी पुसलं. वाकून, रेशमी साडीत, सगळ्यांसमोर. मला आनंद झाला नाही. मी चौकोन चौकोन बघत मागं चालले. एका कोपऱ्यात ओल राहिली होती, ती दाखवली. तीही पुसली. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. तक्रार आली होती. कामगार उद्धट आहे, मेळाव्यात तमाशा केला. तो म्हणाला, "अक्का, दोन ओळी माफीच्या लिहून दे. मी सांभाळून घेतो." त्याचाही आवाज गोडच होता. आई म्हणाली, "कशाला सांगत बसलीस?" तिच्या भीतीवर मी मोठी झाले, तिला काय बोलणार.

मी लिहिलंय. दोन ओळी नाहीत, चार पानं. काय शिंपडलं, कुणी, कुठं शिंपडलं, कुठं नाही, त्याआधी मला काय विचारलं होतं. वॉचमनचं नाव घातलं नाही, त्याला तिथं नोकरी करायची आहे. माफीचा शब्द त्यात नाही. एक प्रत मालकाला दिली. त्यानं घडी उघडली नाही.

दुसरी प्रत घेऊन मी उद्या पोलीस ठाण्यात जाणार आहे. आधी बसवून ठेवतील. मग समजावतील, मिटवून टाका म्हणतील. कदाचित चहाही देतील. मी चहा घेणार नाही. शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय उठणार नाही.