मिशीवरची पट्टी

नांदेडच्या आयसीयूत तेव्हा माझी सकाळची ड्युटी होती. देगलूरकडच्या एका शेतकऱ्याला झोपेत मण्यार चावली होती. तिशीतला माणूस, विषानं अंग लुळं पडलेलं, पापण्यासुद्धा उचलत नव्हत्या. श्वास सगळा व्हेंटिलेटरचा, तोंडातून घशात घातलेल्या नळीतून. ती नळी निसटली की संपलं.

नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी ओठावर लावतात आणि तिथेच याची झुपकेदार मिशी. पट्टी टिकेना. फीत बांधली, तर ती लाळेनं भिजून ढिली व्हायची. मिशी काढू म्हटलं, तर बाहेर बसलेले त्याचे वडील अडून बसले. "म्या जिता हाय तवर पोराची मिशी काढायची न्हाई." बाप गेल्यावरच मिशी उतरवायची, ही त्यांच्याकडची रीत. तीन दिवस मी रोज नियम सांगून डोकेफोड केली. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या सिस्टर, नातेवाइकांशी वाद नको." वाद नको म्हणे! दर दोन तासांनी पट्टी मीच चिकटवत होते ना.

चौथ्या दिवशी अंग पुसायला आम्ही त्याला कुशीवर केलं आणि नळी सरकून बाहेर आली. मशीन ठणाणा करू लागलं. सोबतची सिस्टर त्याची बटणं दाबायला धावली.

"मशीन सोड, पेशंट बघ! डॉक्टरांना हाक मार!" मी ओरडले. लातूरला शिकताना आमच्या बाईंनी हेच डोक्यात ठोकून बसवलं होतं.

छाती हलत नव्हती. त्याला उताणं केलं, हनुवटी उचलली, तोंडावर मास्क दाबून धरला आणि ऑक्सिजन जोडलेली, हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबत राहिले. मिशीमुळे मास्कच्या कडेनं हवा निसटत होती. ओठ निळे पडले. दोन्ही हातांनी मास्क धरला, बॅग त्या सिस्टरकडे दिली, तेव्हा कुठे छाती उचलली. डॉक्टर आले, नवी नळी बसली.

मी तणतणत बाहेर गेले. "बाबा, तुमच्या त्या मिशीपायी पोरगा आत्ता गेला असता! त्या पट्टीवर त्याचा जीव आहे!"

म्हातारा बघतच राहिला. "बाई, तुमी रोज नियम हाय, नियम हाय म्हनत व्हता. जिवाचं कुनी बोललंच न्हाई."

खरं होतं. मला स्वतःचाच राग आला.

"काढा," तो म्हणाला. "फकस्त त्यानं डोळे उघडले की पयलं मला आत सोडा. ओठावर हात गेला की त्याला वाटंल, बाप गेला."