अक्कांचा तळहात

कमलअक्का गाडीत बसण्याआधी दार उघडून खाली वाकायच्या, एक्सिलरेटरचे पेडल तळहाताने पार दाबायच्या आणि सोडून द्यायच्या. ‘टक्’ करून ते वर आले की मगच पदर खोचून आत बसायच्या. अमळनेरच्या आमच्या गल्लीत त्यांची नक्कल व्हायची. “हसा, हसा,” त्या म्हणायच्या. “गेलेलं माघारी येतं का, हे आधी पाहावं. मग पाय द्यावा.”

अन्वी, ईशान, तुमच्या आईच्या टेबलावरच्या फोटोत माझ्याशेजारी उंच बाई उभी आहे ना, त्याच कमलअक्का. आमच्या शेजारीणबाई. घरची कापसाची शेती. यजमान गेल्यावर सगळ्यांनी जुनी पांढरी गाडी विकायला सांगितले. यांनी ती चालवायला शिकून घेतली, आणि दुरुस्तीही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे म्हणून मला ‘इंग्लिशवाली’ म्हणायच्या. यंत्राला तेल आणि देवाला फूल, दोन्ही एकाच हाताने. “पाना आपला, राखण देवाची,” हे त्यांचे ठरलेले वाक्य.

पेडल दाबून पाहण्याची सवय मात्र त्यांना आधी नव्हती.

अन्वी, तू पोटात होतीस. तुमची आई पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे माहेरी आली होती, डॉक्टर धुळ्याचे ठरले होते. दसऱ्याच्या सकाळी अक्कांच्या लक्षात आले की पेडल अर्धे दाबले तरी गाडी ओढत नाही. बॉनेट उघडून त्यांनी मला इंजिनाकडे जाणारी तार दाखवली. “हाई तार ढिली शे. पाय सांगस, पन इंजिनले ऐकूच येत नही.” पान्याने नट फिरवून त्यांनी तार ताणली, जराशी ढील राखून. मग गाडीची पूजा केली. झेंडूचा हार बाहेर, आणि तार जिथे अडकते त्या खटक्याला पूजेचा लाल दोरा, चांगला दोन पदरी. “आता बठ्ठं बराबर शे,” म्हणजे सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला कळा सुरू झाल्या. तुमचे आजोबा जळगावला गेलेले. अक्कांनीच गाडी काढली. धुळ्याच्या रस्त्यावर एका ट्रकला मागे टाकायला त्यांनी पेडल पार दाबले. ट्रक मागे पडला, अक्कांनी पाय उचलला, आणि गाडी तशीच धावत राहिली.

समोर कापसाने लादलेली बैलगाडी होती. इंजिन किंचाळत होते. मागच्या सीटवर आईने माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली. मला देवाचे नावही आठवेना. “अक्का, थांबवा!” एवढेच ओरडले.

“थांबत नही ना, माय!” अक्कांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी क्लच दाबला, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि दोन्ही पाय रोवून ब्रेक दाबला. गाडी बाभळीखाली कलंडल्यासारखी उभी राहिली. बैलांनी मान वळवूनही पाहिले नाही.

बॉनेट उघडले. लाल दोऱ्याची गाठ खटक्याला माघारी ओढणाऱ्या स्प्रिंगमध्ये शिरून बसली होती, म्हणून पेडल वर येत नव्हते. अक्कांनी ती दातांनी तोडली. आईकडे न पाहता म्हणाल्या, “राखण देवाची म्हणत होते. त्याचेच हात दोऱ्याने बांधून ठेवले मी.”

मी म्हणाले, “आता दुसरी गाडी बघू या.”

“दुसरी येईपर्यंत पोर थांबेल? बस, इंग्लिशवाली.” मग त्या खाली वाकल्या, पेडल तळहाताने दाबले आणि सोडले. टक्. पुन्हा एकदा. टक्. पुढे धुळ्यापर्यंत त्यांनीच गाडी नेली. संध्याकाळी तू पहिल्यांदा रडलीस तेव्हा बाहेरच्या बाकावर अक्काही रडल्या, मोठ्याने.

पूजा त्यांनी सोडली नाही. दरवर्षी हार असायचा, पण फक्त बॉनेटच्या वर; आत दोरा नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. त्यानंतर मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा विमानतळावर तुमची आई नवी गाडी घेऊन आली होती. या गाड्यांत ती तार नसते, हे मला ठाऊक आहे. तरी मी चालकाच्या बाजूचे दार उघडून वाकले आणि पेडल तळहाताने दाबले. ईशान हसला. आई हसली नाही. पेडल वर येईपर्यंत ती दार धरून उभी राहिली.