तीन महिन्यांची गुपचिळी
जळकोटच्या बियाण्याच्या शेडमध्ये पेरणीआधी मान वर करायला फुरसत नसते. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीचं विषारी औषध चोळायचं काम सुकन्याकडे होतं. ड्रम फिरायचा, तांबडी भुकटी उडायची, आणि संध्याकाळी तिचे हात मेंदी लावल्यासारखे दिसायचे. मालकाने हातमोजे एकदाच आणले. ते फाटले आणि विषय संपला. मी शेजारीच पोत्यांची तोंडं शिवत असते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

शिवरात्रीच्या सुमारास तिला दिवस गेले. आमच्याकडे तिसरा सरेपर्यंत हे कुणाला सांगत नाहीत, नजर लागते. त्यात पहिल्या वेळी तिचं पोट पडलेलं. सासू चतुराबाईंनी सख्ख्या लेकीलाही पत्ता लागू दिला नाही. मला उलट्यांवरून कळलं होतं, पण मी मोठी शहाणी, रीत पाळून गप्प बसले. ड्रमवरून काढा म्हणायचं तर मुकादमाला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून सुकन्या चोळत राहिली.

चौथा लागला तेव्हा चतुराबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या तिला आरोग्य केंद्राच्या आशाताईकडे घेऊन गेल्या, मीही सोबत होते. आशाताईने तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. कधीपासून चोळतेस, असं विचारलं. मग हळूच म्हणाली, "बाळाचं काळीज, हातपाय, समदं पहिल्या तीन महिन्यांतच बनतंय. काही होईलच असं न्हाई. पण ह्या भुकटीपासून लांब राहायचं ते तवाच. आधी का न्हाई सांगितलं?"

चतुराबाई पदराने सुकन्याचे हात पुसायला लागल्या. जे दिवस जपायचे, तेच आम्ही झाकून ठेवले होते.

आता सुकन्या माझ्याजवळ पोती शिवते. मोठी सोनोग्राफी पुढच्या महिन्यात लातूरला आहे. बाळ धड असेल ना, असं ती रोज विचारते आणि मी व्हय म्हणते. मला काय कळतं? मला तिच्याइतकीच भीती वाटते.

काल ड्रमवर एक नवी पोरगी आली, लग्नाला वर्षही झालं नसेल. दुपारी ती लिंबाखाली ओकली, तोंड पुसलं आणि परत भुकटीत हात घातला. सुकन्या सुई टाकून उठली. पोरीचं मनगट धरून सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला दिवस गेलेत. हिला इथून उठवा."

पोरगी शरमेने रडायला लागली. सुकन्याने मनगट सोडलं नाही. तिच्या नखांत तांबडं अजून तसंच होतं.