वाळ्याचा पडदा आणि चिकट साचा

आमच्या आतोबांना जमणार नाही असं काम अजून जन्माला आलेलं नाही. फक्त ते जमेपर्यंत शेजाऱ्यांनी कुठे राहायचं, एवढाच प्रश्न असतो. बँकेनं स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी टेकडीवर जाऊ लागले. आतोबांनी फायबरग्लासचा क्लास लावला. मुलगा कॉम्प्युटरच्या जोरावर अमेरिकेत गेलेला, आणि पाच वर्षांची नात सई मे महिन्यात पहिल्यांदाच कर्वेनगरला येणार होती. तिच्यासाठी सोसायटीत घसरगुंडी हवी. ती सुतारानंही केली असती, पण आतोबांना आधी साचा हवा होता. "साचा झाला की शंभर काढ! आता घरोघरी आयटी, घरोघरी नातवंडं."

गॅलरीत साचा आकाराला आला आणि चिकटच राहिला. हार्डनर घातलं की फायबरग्लासचं पातळ रेझिन दगडासारखं घट्ट व्हावं अशी रीत. आतोबांचं रेझिन गुळाच्या पाकासारखं बोटाला लागे. जो तो येऊन बोट लावून "अजून ओलंच की" म्हणून जाई, तेव्हा त्यांनी पाटी लावली : 'साचा चिकट आहे. बोट लावून खात्री करू नये. आम्ही केली आहे.' मग संशयितांची चौकशी सुरू झाली. दुकानदारानं शिळा माल दिला असेल, म्हणून त्याच्याशी भांडण. फोडणीची वाफ बाधली असेल, म्हणून घरात दहीपोहे. एकदा चिडून मगभर रेझिनमध्ये दुप्पट हार्डनर ओतलं आणि तेवढ्यात सईचा फोन आला. फोन ठेवून येईपर्यंत मगातून धूर निघत होता आणि ब्रश उचलला की मगही उचलला जात होता. तो मग आत्याचा अंघोळीचा होता. "बघ, आता कसं धरलं!" आतोबा मला अभिमानानं म्हणाले.

खरी गोम एका दुपारी कळली. आतोबांची वामकुक्षी गॅलरीतच चाले. वाळ्याचा पडदा सोडायचा, त्यावर बादलीभर पाणी मारायचं, पंखा लावायचा आणि घोरायचं. साचा शेजारीच. "उन्हानं तडकेल रे बिचारा," म्हणून गारव्यातला मोठा वाटा त्याचा. आत्या गच्चीवरून पापड घेऊन उतरली आणि तिनं पडद्याआड डोकावलं.

"अहो, इथे माझा पापडसुद्धा वाळणार नाही. साच्याला ऊब हवी, तुम्ही त्याला सर्दी करताय."

घोरणं थांबलं. सई यायला थोडेच दिवस उरले होते. आतोबांनी जन्माचा सोबती असलेला तो पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि भर उन्हाळ्यात, पंखासुद्धा बंद ठेवून, साच्याशेजारी घाम गाळत पडून राहिले. अखेर टिचकी मारल्यावर साचा टणकन वाजला. ती टिचकी ऐकवायला त्यांनी सगळी सोसायटी गोळा केली. घसरगुंडी जराशी वाकडी झाली, पण सई तो सगळा मे महिना तिच्यावरून "आजोबा, अगेन!" ओरडत घसरली, आणि आतोबा खाली हात पसरून उभे.

शंभर काही निघाल्या नाहीत. सई आता तिकडे कॉलेजात आहे. सुट्टीत तिला तिकडचीच कामं असतात. परवाच्या उन्हाळ्यात गेलो तर आतोबा गॅलरीत घामाघूम होऊन पडलेले, शेजारी साचा.

"अहो, पडदा का लावत नाही?"

"नको रे. ओल लागली तर परत चिकट व्हायचा."

एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा चिकट होत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी साच्यावर टिचकी मारली, आणि डोळे न उघडता आतोबा म्हणाले, "वाजतोय ना अजून?"