ठिपक्यांच्या कोंबडीची चरबी

लढाईची वर्षं होती. धान्य मिळेनासं झालं होतं. मुरबाडकडच्या माहेराहून मी किन्हवलीला सासरी आले, तेव्हा आईने माझ्याबरोबर एक ठिपक्यांची कोंबडी दिली. ती जाडजूड, आणि मीही तशीच. आई, मावशी, आमच्याकडच्या सगळ्याच अंगाने भरलेल्या.

सासूबाईंना वाटे, तांदूळ पाखडताना निघणारी कणी मी चोरून खाते. तोंडावर म्हणत नसत. पण एका सणाला ती कोंबडी कापली आणि पोटातून पिवळ्या चरबीचे गोळे निघाले. त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "बगितलंस गो? कणी कुठं जाते ती समजली. अर्धी कोंबडीला, अर्धी हिला."

जाऊबाई हसल्या. कांडलेले तांदूळ पाखडायचं काम माझ्याकडून गेलं. मी ताटात कमी घेऊ लागले. तरी अंग उतरेना, आणि ते उतरत नाही हाच माझ्याविरुद्धचा पुरावा.

त्या कोंबडीची काही अंडी आधीच सासूबाईंच्या काळ्या कोंबडीखाली ठेवलेली होती. माझी कोंबडी अंड्यांवर बसतच नसे. काळी काटकुळी, पण खुडुक झाली की हलायची नाही. म्हणून घरातली सगळी अंडी तिच्याखाली. पिल्लं निघाली, काही काळी, काही ठिपक्यांची. सगळी एकाच डालग्याखाली वाढली. दाणा सासूबाई स्वतः टाकत. मला डालग्याजवळ फिरकू देत नसत.

पुढे पाहुणे आले तेव्हा त्यांतल्या दोन तलंगा, नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, कापल्या. काळीच्या पोटात चरबी नावाला. ठिपक्यांच्या तलंगेच्या पोटात तसेच पिवळे गोळे. सासूबाई उकिडव्या बसून बघत राहिल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "आत्याबाई, हिला कणी कोनी घातली?"

"गप ऱ्हा. मीच घालत व्हते. दोगींना सारकंच."

अंड्यातून काय काय येतं कोण जाणे. रंग येतो तो सगळ्यांना दिसतो. चरबीही येते, पण ती पोट फाडल्याशिवाय दिसत नाही.

आम्ही बायका मागाहून जेवायला बसलो. मी नेहमीसारखा थोडाच भात घेतला. सासूबाईंनी आणखी वाढला.

"तुजी आय पन जाडीच हाय ना गो?"

मी मान हलवली.

"मंग?" त्या म्हणाल्या, आणि भातावर रस्सा घातला.