नव्या दातांची शिट्टी

सांगलीहून निघताना भाचीने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, गाडीत झोपून राहू नकोस, तिरोड्याला उतर. दोन, तिकडे कुणाला शिकवत बसू नकोस. मी दोन्ही मोडल्या. पहिली तर मुक्कामी पोचायच्या आतच. डोळे उघडले तेव्हा डबा रिकामा होता, गाडी गोंदियाला उभी होती आणि झाडूवाला मला समजावत होता, "माताजी, गाडी यहीं तक है. आगे जाना है तो पैदल जाइए."

बस पकडून उलटी तिरोड्याला आले. तिथे दुलीचंदभाऊ मोटारसायकल घेऊन दोन तास उभे होते. साठीचे, काटक, खाकी शर्टातले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "झोपल्या का जी, बाई?" इकडे माणसं आडून बोलत नाहीत.

कशासाठी आले होते ते सांगते. माझी भाची गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूवर काम करते. पिल्लू गाणं शिकतं कसं, हा तिचा विषय. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि वर्गात शीळ घालणाऱ्या प्रत्येक पोराला बाहेर उभं केलं. आता निवृत्तीनंतर तिचं ऐकून ऐकून वाटायला लागलंय की ती पोरं माझ्यापेक्षा जास्त जीवशास्त्र करत होती. तिनेच सांगितलं, नागझिऱ्याच्या जंगलात, बोदलकसा तलावाजवळ हे दुलीचंदभाऊ गाईड आहेत, ते शिट्टी वाजवतात आणि जंगल उत्तर देतं. मग मी घरी बसणार होते होय!

दुसऱ्या दिवशी सकाळी चोरखमारा गेटमधून जिप्सीने नागझिऱ्यात गेलो. पानगळ झालेली, मोहाचा वास सुटलेला. भाऊंनी स्वर्गीय नर्तक दाखवला, तुरेवाला गरुड दाखवला, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवलं. सगळं बोट करून. शिट्टी काही वाजेना. शेवटी मी विचारलंच.

"आज मूड नाई जी," ते म्हणाले आणि तोंडावर रुमाल धरून बसले.

खरी गोष्ट दुपारी चुलीपाशी कळली. शकुनवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, लाखोरीची डाळ घोटत होत्या. मी तांदळाच्या भाकरीचा तिसरा तुकडा मोडत होते.

"मूड कायचा! ह्यायचे दात नवीन आहेत. सायकलवरून पडले, पुढचे चार गेले. गोंदियाहून नकली बसवून आनले. तवापासून शिट्टी वाजवाले गेले का निसती हवा. आता पाडव्याले गेटवर जाऊन गाईडच्या यादीतून नाव काढून घेतो म्हनतेत. अर्जही लिहून ठेवला." मग त्यांनी आवाज चढवला, बाहेर ऐकू जाईल इतका. "घरी बसून राहिले तं माह्या डोक्याले ताप! बांदीत (धानाच्या खाचरात) मले शिकवत फिरतीन!"

पाडवा दोन दिवसांवर होता.

"पूर्वीची शिट्टी कशी होती हो वहिनी?"

बाईमाणसाने शिट्टी वाजवायची नसते, म्हणून त्यांनी ती तोंडाने म्हणून दाखवली. "तू, तू, तू, ईऽऽ. आन शेवटी सुस्स. जुन्या दातात फट होती ना, तेथून हवा सुटे."

संध्याकाळी अंगणात वालाच्या शेंगा सोलायला बसलो आणि मी भाचीची दुसरी सूचना मोडली. भाऊंना म्हटलं, पिल्लू आधी बापाचं गाणं नुसतं ऐकतं आणि डोक्यात नमुना साठवतं. मग स्वतः बडबडायला लागतं, अगदी बोबडं. त्याच्या मेंदूत एक भाग गाणं गातो आणि दुसरा भाग निव्वळ खोड्या काढतो. दर वेळी सूर थोडा इकडे ढकल, थोडा तिकडे. चुकून बरा लागला की मेंदू डोपामीन सोडून शाबासकी देतो आणि तेवढं टिकतं. प्रयोगात तो खोडकर भाग बंद केला, तर पिल्लाचं गाणं शहाणं होत नाही, अर्धकच्चंच गोठून जातं.

भाऊंची शेंग हातातच राहिली. "मंजे बिघडवल्याबिगर बनत नाई?"

"नाही. आणि नर एकटा असला की जास्त चुका करतो. मादी समोर आली की कसा अगदी नीट गातो."

"आमच्या घरी उलटं आहे," वहिनी म्हणाल्या.

भाऊ हसले नाहीत. "पन नमुना पाह्यजे ना, बाई. माहा तं कानातूनच गेला. आता आठवाले गेलो का नकली दाताचीच आठवते."

"कुणाच्या मोबाईलमध्ये असेल की!"

"शिट्टीच्या टाइमाले मोबाईल बंद, असा नियम होता. माहाच," ते म्हणाले. एवढं बोलताना त्यांचा चेहरा इतका पडला की मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर जपलेली वस्तू स्वतःच्याच तोंडात हरवली होती बिचाऱ्यांची.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर मी एकटीच गावाबाहेरच्या बोडीकडे (छोट्या तळ्याकडे) फिरायला गेले. पलीकडच्या झाडीतून आवाज आला. तू, तू, तू, ईऽऽ. सुस्स.

अस्सं! म्हटलं, भाऊ चोरून सराव करतायत आणि आम्हाला नाटकं दाखवतायत. रंगेहाथ पकडायचं ठरवून मी झाडीत घुसले. चिलाटीच्या काट्यांनी ओढणी धरली, ती सोडवताना बाही फाटली, आणि डावा बूट बोडीच्या चिखलाने ठेवून घेतला. शिट्टी पुढे पुढे सरकत होती. एका पायात बूट घालून मी ऐनाच्या झाडाखाली पोचले आणि ओरडले, "सापडलात!"

वर भाऊ नव्हते. काळा कुळकुळीत भृंगराज होता, शेपटीच्या दोन तारांना दोन झुपके लोंबत होते. त्याने मला वाकून पाहिलं, शिक्र्याची किंकाळी मारली, खारीसारखा चिटचिटला आणि मग पुन्हा दुलीचंदभाऊंची शिट्टी वाजवली. शेवटच्या सुस्ससकट! भृंगराज नकला करतो हे मला माहीत होतं. पण त्याने जुन्या दातांतली फटसुद्धा उचलली होती. मी एका पायावर उभी राहून वेड्यासारखी हसले.

घरी येऊन खरं सांगितलं असतं तर भाऊ चेष्टा समजून आले नसते. म्हणून थाप मारली. "एक पक्षी आहे, मला ओळखता येत नाही. नवीन जात असावी." गाईडला दुसरं काय लागतं! भाऊ चहा अर्धा टाकून उठले.

भृंगराज अर्धा तास गप्प. भाऊ माझ्या फाटक्या बाहीकडे संशयाने बघायला लागले. "भृंगराज तं आहे जी हा. याले कायले नवीन म्हनता?" आणि ते वळणार, एवढ्यात वरून आलं. तू, तू, तू, ईऽऽ. सुस्स.

भाऊ जागच्या जागी थांबले. मग हळूच म्हणाले, "हा तं मी आहो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि ते काट्यांमुळे नव्हतं.

पुढचे तीन तास जे झालं त्याला सराव म्हणायचं की भांडण, कोण जाणे. पक्षी वाजवी, भाऊ फुंकत. हवा. पुन्हा. चिरका आवाज. त्यांनी दात काढून खिशात ठेवले, परत घातले, जीभ इकडे लावून पाहिली, तिकडे लावून पाहिली. बाराच्या सुमारास पहिले दोन सूर आले आणि तिसऱ्याला कुकरची शिट्टी झाली. "डोपामीन आलं का?" मी विचारलं. "दात दुखून राहिले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारून झाली. भाऊंनी पांढरा शर्ट घातला, अर्जाची घडी खिशात ठेवली. दोन सुरांनी गाईड होत नाही, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि ते मला जास्त लागलं. मला तिरोड्याला सोडून ते गेटवर जाणार होते. जाता जाता बोडीपाशी मोटारसायकल थांबवली. "त्याले सांगून येतो."

भृंगराज ऐनावरच होता. आम्हाला पाहून त्याने गळा साफ केला आणि वाजवली. तू, तू, फिस्स, कींऽऽ.

"हे काय?" भाऊ दचकले. "हे कोनी शिकवलं याले?"

"तुम्ही. या झाडीत किती दिवस चोरून सराव करत होतात?"

"दोन महिने. भर दुपारी, पाखरं गप असतेत तवा," ते ओशाळून म्हणाले.

"मग! त्याने दोन्ही पाठ केल्यात."

पक्ष्याने तीच बिघडलेली शिट्टी पुन्हा वाजवली, तीही मोठ्या हौसेने. भाऊंचा चेहरा लाल झाला. "नाई, नाई! मी गेलो आन जंगलात माह्या नावानं हे राहीन? लोक म्हनतीन, दुलीचंद असा वाजवे! आरे थांब, असं नाई ते!" अर्ज खिशातच राहिला आणि भाऊ झाडाखाली मांडी घालून बसले.

मला मग वहिनींच्या पुतण्याने स्टेशनवर सोडलं.

परत आल्याला आता महिना झाला. परवा वहिनींचा फोन आला. तिसरा सूर बसलाय, चौथ्याशी मारामारी चालू आहे. गाईडच्या यादीत नाव अजून आहे. "पाखरू पक्कं झाल्याबिगर सोडत नाई म्हनतेत. माहा ताप गेला, बाई."

आणि मी? वर्गाबाहेर उभी केलेली ती सगळी पोरं आठवतात. त्यांच्या डोक्यातला खोडकर भाग मी रोज पट्टी आपटून बंद करत होते. आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरात भांडी घासताना ओठांचा चंबू करून बसते. अजून नुसती हवाच येते. पण काल शेजारच्या वहिनींनी खिडकीतून घाबरून विचारलं, "बाई, तुमचा गॅस गळतोय का?"

म्हणजे शेवटचं सुस्स मला जमलं. आता फक्त आधीचे चार सूर राहिलेत.