भांगाचं पाणी

नदीपलीकडच्या गावात लग्नाचा बँजो वाजला की आमच्या ओटीवर ऐकू येतो. तिथं पोचायला मात्र गाडीनं पाऊण तास. अलीकडे ठाणे जिल्हा, पलीकडे रायगड आणि मध्ये ही नदी, खाडीला लागूनच, त्यामुळे भरती-ओहोटी पाळणारी. आत्या पलीकडे दिलेली. दर भाऊबीजेला ती लुगडं वर खोचून चिखलातून चालत यायची. त्या दिवसांत उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी, पात्र पार उघडं पडतं. सकाळच्या ओहोटीला यायची आणि बाबांनी दिलेली साडी डोक्यावर धरून संध्याकाळच्या ओहोटीला परत.

पुढं पूल झाला आणि तिचे गुडघे गेले. मग बाबांना तिच्याकडे न्यायचं काम माझ्यावर आलं. मी बेलापूरला नोकरी करतो. ऑफिसच्या खिडकीतून तिच्या गावच्या देवळाचा झेंडा दिसतो, आणि दिसतो म्हणूनच बहुधा जाणं राहायचं. गेल्या भाऊबीजेलाही राहिलं. साडी घेऊन ठेवली होती. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी बाबांना किती रविवार सांगितलं कोण जाणे.

परवा दुपारी आतेभावाचा फोन आला. आत्या गेली. माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय तिला उचलायची नाही, ही रीत. पण त्यांचं स्मशान नदीच्या काठाला, उधाणात तिथं पाणी येतं.

"मोबाईलवर बघितला, सहाला भरती हाय," तो म्हणाला. "पाचच्या पुढं आमी नाय थांबू शकत."

पावणेपाचला आम्ही पुलावर अडकलो होतो. पुढं कंटेनर, मागं कंटेनर. मी हॉर्न वाजवत होतो, खाली उतरून बघत होतो, परत बसत होतो. तोंडात शिव्या. बाबा साडीची पिशवी मांडीवर घेऊन खाली नदीकडे बघत होते.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले. लावून दिला. "आज अष्टमी हाय. उधान नाय, भांगाचा पानी. भरती तवरी चढत नाय. थांबा."

ते थांबले. आम्ही सव्वासहाला पोचलो. आतेभावाच्या बायकोनं पिशवीतून साडी काढली. खोक्यावर दुकानाचा दिवाळीचा कागद तसाच होता. साडी जांभळी, बारीक काठाची. तिनं ती हातात धरून ठेवली, उलगडलीच नाही.

"आई बोलायची, जांभळी सांगितलीय दादाला. आनल." मग माझ्याकडे बघून, "दिवाळीपासून गाडी वाजली का दारात येऊन बसायची."

बाबांना ते ऐकूही आलं नसावं. तिच्या हातून साडी घेऊन त्यांनी ती आत्याच्या अंगावर घातली होती आणि पदर सरळ करण्यात ते गुंतले होते.

बाबा म्हणाले होते तसंच झालं. पाणी चितेच्या दगडांपासून बरंच लांब थांबलं. त्या संध्याकाळी घाई करायचं काही कारण नव्हतं. घाई दिवाळीत करायची होती.